पालथी बशी

आमच्या लाँगटनमध्ये
बशी कुणी आधी सुलटी बघत नाही.
लग्नात, मयतीच्या चहाला, परगावच्या हॉटेलातसुद्धा
केक संपायच्या आत माणूस ती डोक्याच्या वर धरतो
आणि बूड वाचतो:
कुठला कारखाना, कुठला शिक्का,
आपल्यातली की परकी.
चुरा मांडीवर पडतो. पडू दे.

शनिवारी बाजारात माझं टेबल असतं,
लोकरवाली आणि चाव्या करून देणारा यांच्या मधे.
जुन्या बश्या, झाकण हरवलेली सूपची भांडी,
कान तुटलेला राज्याभिषेकाचा मग,
मेलेल्यांच्या कपाटांतून आलेला माल.
घेताना मी फार बोलत नाही.
विकतानाही नाही.

त्या दिवशी मेव्हिस क्लूज आली.
अठ्ठ्याहत्तरची, ताठ, हिरवा कोट गळ्यापर्यंत.
पत्ते पिसावेत तशा सफाईने
एकेक बशी पालथी घालत गेली
आणि एकीपाशी थांबली.

निळ्या फुलांची वेल, काठाला सोन्याची रेघ.
साधीच. बारा पौंड.
बुडाला कारखान्याचा मुकुट, आणि त्याच्या शेजारी,
माझ्या किमतीच्या चिठ्ठीखाली अर्धवट दबलेले
तीन लाल ठिपके, एक आडवी रेघ.
तिने नखाने चिठ्ठी सोलली.
"आईची खूण," म्हणाली.
कुठल्या बाईचे किती डझन, ते अशा खुणांवरून मोजायचे.
नाव घालायची सोय नव्हती.

मग बशी सुलटी करून
वेलीवरून बोट नेलं
सातव्या पानापर्यंत.
जाड पान. देठाकडे ओघळलेलं.
मला वाटलं, आता घासाघीस.
मीच म्हणालो, डाग आहे खरा, दहाला घ्या.

भट्टीचं दार वेळेआधी उघडणाऱ्याकडे बघावं
तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"ते पान माझं आहे."

चौतीस साल. ही चौदाची,
बाकाच्या टोकाला पाणी बदलायच्या कामावर.
आई कुंचल्याचं टोक ओठांत काढायची,
संध्याकाळपर्यंत जीभ निळी.
खोकला आला की रुमाल तोंडाशी, कुंचला हवेत.
त्या दिवशी खोकला थांबेना.
आईने कुंचला हिच्या हातात दिला. बोलली काही नाही.
एक पान. तेवढंच.

भट्टीतून नीट निघेल त्याचेच पैसे.
डागी नग बाईच्या अंगावर.
म्हणजे ही बशी बाद व्हायला हवी होती.
निवडायला एफी शफलबॉथम,
तिच्या नजरेतून केस सुटत नसे.
तिने हे पान बघितलंच असणार.
बघितलं, आणि बशी चांगल्या ढिगात सरकवली.
"आई जन्मभर बोलली नाही एफीशी," मेव्हिस म्हणाली.
"कशावरून बिनसलं होतं, आता आठवतही नाही."

बारा पौंड मोजले. सगळी नाणी.
"डागाचे पैसे कापू नकोस, पोरा."
मी वर्तमानपत्र उलगडलं, तर नको म्हणाली.
समोरच्या टपरीवरून कागदी पेल्यात चहा आणला,
बशीत ओतला,
दोन्ही हातांनी उचलून फुंकर घातली
आणि भर बाजारात फुर्र करून प्यायली.
चावीवाल्याने यंत्र बंद केलं.
चहा उतरत गेला तसं
आधी ते जाड पान वर आलं,
मग बाकीची वेल.

संध्याकाळी आवरायला घेतलं
आणि सगळा माल पालथा घातला.
ठिपके, फुल्या, अर्धी चांदणी, उलटा सात.
चिठ्ठ्या मी नेमक्या त्यांच्यावरच
चिकटवत आलो होतो, एकोणीस वर्षं.
नखाने सोलत बसलो.
दिवे घालवणारा दोनदा येऊन गेला.
त्याला म्हटलं, थांब जरा,
अजून एक टोपली आहे.