सोळा कोरी पानं

कुठली वाचू, विचारतेस रेहाना?
लेखकाचं मोठेपण मला सांगता यायचं नाही,
मी खळ लावणारा माणूस.
पण पुस्तक हातात आलं की कळतं:
नुसतं कपाटात उभं राहिलेलं ताठ असतं,
लाडकं मोडतं. एकाच जागी.

ही घे. हिची शिवण मी तीनदा घातली,
तीनदा उसवली, दोनशे बाराव्या पानाला.
तिथं कुणीतरी कट सांडलाय मिसळीचा,
म्हणजे खातानासुद्धा खाली ठेवली नव्हती.
काय आहे तिथं, सांगत नाही. तू जा.

ही जाडी. पहिली साठ पानं चिखलातनं चालल्यागत.
सोडू नको. पुढं उतार आहे.

आणि ही. हिचा शेवट पंचगंगेनं नेला.
महापुरात वाचनालयाच्या खालच्या फळीला होती,
शेवटचा फर्मा लगदा होऊन हातात आला.
मी सोळा कोरी पानं शिवली.
आवटी मास्तर म्हणाले, ती परत येत असणार.
गूळ अडतीतला दिवाणजी म्हणाला, मरते,
मरायलाच पायजे,
आणि तासभर भांडला माझ्याशी,
जसं काय मीच मारायला नको म्हणत होतो.
कोऱ्या पानांवर कुणी काही लिहिलं नाही.
एकानं फक्त, पेन्सिलीनं, अगदी बारीक:
अजून चालतेच आहे.

गेल्या महिन्यात मिरजेच्या रद्दीत
हिचीच धड प्रत मिळाली. वीस रुपयाला.
ड्रॉवरमध्ये आहे, खळीच्या डब्याखाली.
उघडली नाही.

तुला कुठली देऊ?