जर्मलचा टोप

तिसऱ्या टोपाच्या बुडातून
टाचणीच्या डोक्याएवढा सूर्य दिसला.
"एमसील लाव मां," दाजी खवणेकर म्हणाला.
मी तो खाली ठेवला.

चौथ्यात मिठानं खाल्लेले खड्डे.
कुणीतरी वर्षानुवर्षं बांगडे खारवले असणार.
नाक आत घातलं तर दाजी वैतागला :
"वास कसलो घेतंस? घेवचो आसा तर घे."

पाचवा बुटका, काठाला जाड.
बोटाच्या पेरानं वाजवला,
टण् नाही म्हणाला. ठप्प म्हणाला,
झोपेतून उठवल्यासारखा.
तोच घेतला, वजनावर.
कुशीतला पोचाही काट्यावर चढला.

वेंगुर्ल्याहून एसटीत
मांडीवर घेऊन बसलो
आणि कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं.

विहिरीवर चिंच, काथ्या, गरम पाणी.
शेवंताकाकी कुंपणावरून : "कॉस्टिक टाक, एका मिनटात सुटात."
सुटेल, पण काजळीबरोबर टोपही सुटेल.
मी घासत राहिलो.
काळ्याखालून आधी एक टिंब आलं,
मग टिंबांची रांग, मग अक्षरं :
भजनी मंडळ, मधली वाडी.
'मंडळ'मधला 'ड' कुणीतरी चुकवून पुन्हा ठोकलेला.

संध्याकाळपर्यंत टोपात माझं तोंड दिसायला लागलं.
पास्कू आला. बोटींवर भटारखान्यात
बावीस वर्षं काढलेला माणूस.
"शाणो मरे तू. सोलून काढलंस त्याका."
म्हणाला, उघड्या जर्मलात रस शिजवलास
तर बियरला पत्र्याची चव.
आता काठोकाठ पाणी भर,
तासभर नुसतं उकळ,
त्याची कातडी त्याला परत येऊ दे.

म्हणून आज चुलीवर फक्त पाणी.
मोड आणून वाळवलेली नाचणी सुपात थांबलेली.
धूर बघून उमाजी मेस्त्री काठी टेकत आले,
पोच्यावर हात फिरवला, भाजला, तरी फिरवला.
"ह्यो माझो. आरवलीच्या जत्रेक
गाडयेवरसून माझ्याच हातातसून पडलो.
पखवाज वाचवलंय, टोप सोडलंय."
मग आत डोकावले.
"काय शिजवतंस?"
सांगितलं.
बराच वेळ बुडबुड्यांकडे बघत राहिले.
"आमची चाय लोकांका रातभर जागवी,
तुझां ह्यां निजवतलां."

त्यांना चहा हवा होता. मी घरातल्या पातेल्यात केला.
टोपाला अजून अर्धा तास होता.

पाणी ओतलं तेव्हा काळोख पडलेला.
बॅटरी मारली :
आत कुठेच माझं तोंड नाही.
मळभासारखा करडा रंग,
पाण्याची रेघ होती तिथवर,
आणि रेघेच्या वर
दोन बोटं उरलेली चकाकी,
तिथं मी पाणी कमी भरलं होतं.