अकरा मेंढ्या, चार पॅनल

आबानोची खिंड उघडली आणि पहिल्या ट्रकनं मी वर आले.
मागे लोकरी रगांत गुंडाळलेले
माझे दोन नवे पॅनल, काळेशार, चेहरा दिसेल इतके.
चौदा वर्षं सालोनिकात दुसऱ्याच्या आईचे केस विंचरले,
त्यातले किती महिने या काचेत गेले
ते मी बापाला सांगितलं नाही.

उत्रुगा, माझा बाप. त्यानं दोन्ही बोटानं वाजवून पाहिले
बाजारात मडकं वाजवावं तसे.
म्हणाला, "मोठे आहेत."
एवढंच.

त्याचे चार वर, पाथरीच्या उतारावर,
वीस वर्षांचे, निळे, कडेनं दातांसारखे पिवळे पडलेले,
एकाच्या कोपऱ्यात गारेनं विणलेलं कोळ्याचं जाळं.
तेवढ्यावर दोन दिवे, एक रेडिओ,
आणि गेल्या वर्षापासून फ्रिज, कारण इन्सुलिन.
फ्रिजला ते पुरत नव्हते.

पापुना आला, मीटर गळ्यात, सिगारेट कानावर.
आधी सगळे एका माळेत ओवले.
दहा अँपिअर देणारे माझे दोघे
चाराच्या पुढं सरकेनात.
"लंगडी पुढं असली," बाप खालून म्हणाला,
"की कळप तिच्याच पायानं चालतो."

मग शेजारी शेजारी जोडले.
एकतीस व्होल्टचे तरणे गडी
सतरा व्होल्टच्या बुटक्या दारातून वाकून आत आले
आणि आत येऊनही वाकलेलेच राहिले.
फ्रिज घुरघुरला. गप्प झाला.

पापुनानं मीटरवरून नजर उचलली नाही.
"जुने काढा. यांचं त्यांचं जमायचं नाही."
"काढ," बाप म्हणाला,
मीठ दे म्हणावं तसं,
आणि कुत्र्याला हाक मारत गोठ्याकडे गेला.
कुत्रा तर त्याच्या पायाशीच होता.

मी पान्हा घेऊन चढले.
दोन बोल्ट गंजलेले, तिसरा सुटला,
पॅनल एका बाजूनं उचलला
तर पाठीवर डांबरानं, त्याच्या वाकड्या अक्षरात, नावं:
कानफाटी. ढगी. पावशेर. दोनदा हरवलेली.
तिची पोर. तिच्या पोरीची पोर.
अशा अकरा. ज्या विकून हे चार आले.

आणि सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत,
नंतर कधीतरी लिहिलेला,
पावसानं पुसला की पुन्हा गिरवलेला
एक लांबलचक आकडा.
माझा सालोनिकातला फोन नंबर.

रेंज येते ती फक्त या छपरावर.
चौदा वर्षं प्रत्येक फोनमध्ये
एवढा वारा का असायचा,
मला वाटायचं आमची लाइनच खराब.

तिसरा बोल्ट मी पुन्हा आवळला.
खाली येऊन पापुनाला विचारलं, दुसरा काही मार्ग?
त्यानं कानावरची सिगारेट काढली, परत ठेवली.
"आहे. आणखी एक कंट्रोलर. जुन्यांचा वेगळा, नव्यांचा वेगळा.
प्रत्येकानं आपापल्या वाटेनं यायचं,
भेटायचं ते बॅटरीत.
पण पाचशे लारी. आणि पुढच्या ट्रकची वाट."
परतीच्या बसचे पैसे होते माझ्याकडे.
तो विषय नंतर.

आता चुलीमागच्या भिंतीवर दोन डबे आहेत,
दोन हिरवे ठिपके,
लुकलुकतात, पण एका ठेक्यात कधीच नाही.
रात्री मी बराच वेळ बघत पडले,
आता जुळतील, आता जुळतील.
फ्रिज मात्र चालू होता. मांजर त्याच्या उबेला पाठ लावून.

माझे दोघे गोठ्याच्या अंगाला, पश्चिमेकडे तोंड करून;
तिकडेच जागा उरली होती.
पहाटे साडेपाचला बापानं मला काठीनं हलवलं.
भिंतीपाशी उभा होता, हाफचड्डीवर, अनवाणी,
नाक डब्याला लागेल इतका जवळ.

"नानुली, ऊठ. बघ.
माझे केव्हाच कामाला लागले.
तुझे अजून झोपलेत."