क्रियापद शेवटी येतं

खानापूरच्या कचेरीबाहेर, फणसाखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
'अर्ज दोन्ही भाषांत लिहून मिळतील' अशी पाटी.
ऐकून घेतले जातील, असं कुठंच लिहिलेलं नाही.

माणूस तोंड उघडतो
आणि मला त्याचं शेपूट दिसतं:
पावती हरवली असणार,
भाऊ सही देत नसणार,
नावात वेलांटी चुकलेली असणार.
तो अजून आजोबाच्या काळात,
माझं पेन तिसऱ्या रकान्यात.
बहुतेक वेळा बरोबरही निघतं.
घोटाळा तोच आहे.

शाळेत हलगेकर बाई म्हणायच्या,
"अरे, बोट वर केलंस खरं,
प्रश्न अजून माझ्या तोंडात आहे."
वर्ग हसायचा, मीही हसायचो,
तोवर खिडकीबाहेर कौलांनी भरलेला ट्रक अडकलेला असायचा
आणि बाईंचा प्रश्न
दुसऱ्याच कुणीतरी सोडवलेला.

निंगव्वा आली ती विधवा पेन्शनसाठी.
पदराच्या गाठीत आधार कार्ड,
घामानं मऊ पडलेलं.
म्हणाली, "नन मगा गोवादिंद बंद..."
मी म्हणालो, आला? झकास!
आणि लिहून मोकळा झालो, अर्जदार मुलाकडे राहते.
मागं रांग होती. चहा निवत होता.
तिनं अंगठा दिला.
छापील कागदाशी वाद घालायची
तिला सवय नव्हती.

बंद हे अर्धंच असतं.
पुढं 'आन' लागलं तर आला,
'इल्ल' लागलं तर आला नाही.
तिचं 'इल्ल' जिभेवरच राहिलं
आणि मी घरी जाऊन जेवलो.

मराठीत तरी वेगळं काय?
आला म्हणेपर्यंत आला,
मग मागून सावकाश येतं 'नाही'.
पाट्यांवरून डोकी फोडणाऱ्या या दोन भाषांचं
इथं मात्र गुपचूप एकमत आहे:
नकार शेवटी.
थांबेल त्यालाच कळेल.

तीन महिन्यांनी परत आली.
अर्ज नामंजूर. मला वाटलं भांडेल,
मी माफीची वाक्यं आधीच जुळवून ठेवली,
तीही घाईघाईनं बोलून टाकली.
ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.
मग तिनं विचारलं,
तुम्हाला तो कुठं दिसला?

मी लिहिलं म्हणजे मला माहीत असणार,
असं धरून चालली होती.
तीन महिने
रात्री दाराला कडी घालत नव्हती.

आता पेनाला टोपण लावून बसतो.
समोरच्याचं क्रियापद येईस्तोवर टोपण काढायचं नाही.
आत काहीतरी उड्या मारतं,
जीभ दातांवर येऊन आपटते,
एक डोळा रिक्षाकडं, एक फणसावरच्या माकडाकडं,
तरी टोपण लावलेलं.
काही दिवस जमतं.
परवा गुंजीच्या एका म्हाताऱ्याला मध्येच तोडलं,
त्याच्या म्हशीला मी मारूनच टाकलं होतं,
ती नुसती व्यायली होती.

काल रात्री जेवणं झाल्यावर
प्रेमला भांडी पालथी घालत म्हणाली,
"आज दिवसभर मला..."
आणि थांबली.
माझ्याकडं पाच-सहा शेवट तयार होते:
डोकं दुखलं, आईची आठवण झाली,
गॅसवाल्यानं फिरवलं.
मी एकही वापरला नाही.
मूठ आवळून बसलो, टोपण असल्यासारखी.
लोंढ्याकडं एक मालगाडी गेली. सगळे डबे गेले.
नळ टपकत होता, तोही मोजून झाला.

शेवटी मीच म्हणालो,
ऐकूलालोय की. बोल.

ती ओल्या हातांनीच वळली,
खरोखर गोंधळलेली.
"मी कुठं बोलते पुढचं?
एकवीस वर्षं झाली,
तूच तर पुरं करतोस."