सात आडवा

"उलटं वाचा, सुलटं वाचा, जुनं होत नाही." तीन अक्षरं.
गुजरीत दुकान उघडायला अजून अर्धा तास.
पायरीवर पेपर, कपावर बशी.
मी पेनानंच भरतो. पेन्सिल म्हणजे उधारी.

कनक.
दोन्हीकडून कनक, आणि जुनं ते कसं होईल?
बत्तीस वर्षं तेच तर तोलतोय,
सासूच्या पाटल्या आटवून सुनेचं गंठण.
ठसठशीत लिहिलं. कोडं घालणाऱ्याची कीव आली.

मग तीन उभा: "आभाळात तो, ताकात ती." दोन अक्षरं,
दुसरं माझ्याच कनकातला न.
ऊन? पण ऊन ते.
भान म्हणावं, तर उकार कुठं ठेवू?

गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध घालून
बाळगोंडा परतत होता, गाडी बंद न करताच वाकला:
"रवी की ओ! आमच्यात अजून रोज फिरती."
आणि गेला. रिकाम्या कॅनचा खडखडाट
महाद्वारापर्यंत ऐकू आला.

क, वी, क.
असलं जनावर कुठल्याच भाषेत नसावं.

शटर वर केलं. पहिलंच गिऱ्हाईक,
रुमालात तुटलेली बोरमाळ.
"मोडायची न्हाई. मणी हेच ऱ्हाऊंदेत,
दोरा तेवढा नवीन घाला."

न. वी. न.
मी बोटावर मोजलं, परत उलटं मोजलं,
सोन्यावर काट मारून वर गिरवलं
इतकं, की कागद फाटला.

बाई म्हणाल्या, "पावती त्याच्यावर नका लिहू."