चार सेकंद

मुसल्लम बिन सईद पिठाच्या पोत्यातून लोबान आणतो.
पोतं काट्यावर ठेवतो, पाणी मागतो,
पाणी पिऊन झालं की तेच पोतं उचलून
पुन्हा काट्यावर ठेवतो, म्हणतो,
आजच उतरवलंय डोंगरावरून.

सलालाहच्या या प्रयोगशाळेत माझं काम साधं.
डिंक खलात कुटायचा, अल्कोहोलात भिजवायचा,
गाळून, आटवून, तळाशी राहील ते उंदरांना पाजायचं.
मग त्यांना दुधाळ पाण्याच्या हौदात सोडायचं
आणि घड्याळ लावून बघायचं,
पाण्याखालचा पाट कुठे होता ते कधी आठवतंय.
साठ सेकंदांत नाहीच सापडला
तर हाताने नेऊन ठेवायचं पाटावर. हा नियम.

परवा चौदा नंबरला चार सेकंद कमी लागले.
डॉक्टर थुराया यांनी केक मागवला.
चार सेकंद.
आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर
निखाऱ्यावर ऊद टाकत,
धूर उठायला एवढाच वेळ लागायचा.

झाडाची पहिली खाच गळेल तो डिंक फेकायचा,
दुसरीचाही. तिसऱ्या जखमेचा खरा.
हे मुसल्लमने मला सात वेळा सांगितलंय.
सातव्यांदा मी मध्येच म्हणाले, "तिसऱ्या!"
तर खिशातलं काही काढून घेतल्यासारखा
बघत राहिला माझ्याकडे.
आठव्यांदा मी गप्प ऐकलं.

"याचं करता काय तुम्ही?"
माझं अरबी भाजीबाजारापुरतं.
म्हटलं, विसरण्यावर औषध.
तो खो खो हसला, पोत्यातला एक खडा तोंडात टाकला.
"साठ वर्षं चघळतोय हे," म्हणाला.
आणि मग, अगदी काळजीने,
"कोण विसरतं?"

दारात त्याचा मुलगा आमेर गाडीची किल्ली
या हातातून त्या हातात करत उभा.
तो जमिनीकडे बघतो, मी काट्याकडे.
अकरा किलो, दोनशे ग्रॅम.
पावती मी एकदाच फाडते.

निघताना मुसल्लम वळला. निरोप घ्यायचा होता,
त्याला माझं नाव हवं होतं.
ओठ उघडले. डोळे भिंतीवर, छतावर, फ्रिजवर,
काठाकाठाने पोहत राहिले.
मी मोजायला लागले, सवयच ती.
नऊ. दहा.
सतराला आमेर खाकरला.

साठपर्यंत थांबायचं असतं.
मी तेविसाला त्याचा हात धरला
आणि म्हणाले,
हेमांगी.