मी बोलतो

वडगावात दुपारी चारला लाइट जाते
आणि गल्लीतले सगळे माग एकदम गप होतात.
बाकीचे कपाळाला हात लावतात.
मी दार लावून घेतो.

लॅपटॉपची बॅटरी एक तास दहा मिनिटं.
आतल्या खोलीत तिन्ही भिंतींना
न खपलेल्या साड्यांचे गठ्ठे, वर दोन वाकळा ताणलेल्या,
मधे स्टुलावर मी, आणि तोंडापुढं
भरतकामाच्या रिंगेवर बसवलेला पायमोजा,
त्याच्यामागं माईक.
कापडाइतका आवाज कुणी पीत नाही.

बसतो, बोलतो, लावून घेतो –
आमच्याकडं बाईमाणूस असंच बोलतं.
आई म्हणते, मी बाजारला जाऊन येतो.
पुण्यात पहिल्या ऑडिशनला काचेपलीकडून टिल्लू सर म्हणाले,
'छान. पण "जातो" नाही, "जाते". बाई आहात ना तुम्ही?'
असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.
मी म्हटलं, होय की.
'ते "की"सुद्धा नको.'
बावीस टेक झाले त्या दिवशी.
परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून
जाते, येते, खाते, पिते,
खरं तवंदीच्या घाटात झोप लागली
आणि उठलो तो उठलोच.

त्याच्या आधी बसूची रिक्षा होती,
टपाला बांधलेला भोंगा.
अनगोळ, होसूर, खासबाग, शहापूर.
चादरींचा सेल, दातांचं शिबिर,
एकदा कन्नडात, एकदा मराठीत, दिवसाला दीडशे,
घसा बसला तर बसूकडून आलेपाक.
एकदा एक पोरगं हरवलेलं. वय सहा, निळा शर्ट.
'निळा शर्ट' म्हणून मी जरा थांबलो होतो,
कागद उलटायला.
तेवढ्यात रस्त्यावरच्या सगळ्या माना वळल्या.
पोरगं सापडलं संध्याकाळी, रसाच्या गाड्यामागं झोपलेलं.
कुठं थांबायचं ते मला कुठल्या स्टुडिओनं शिकवलेलं नाही.

आता मिनिटावर दर आहे. बिलावर जीएसटी.
सकाळी कोमट पाणी, कुंदा बंद,
माईकपुढं बसायच्या आधी हिरव्या सफरचंदाची एक फोड,
जिभेची चिकचिक जाते.
आत्तापर्यंत दोन सिमेंट, एक मलम, चौथीचा भूगोल,
पोरांच्या गोष्टीतली लबाड कोल्हीण
(तिला मी 'की' दिला चोरून, कुणाच्या ध्यानात आलं नाही)
आणि ती बँक.

बँकेत मी दोघी आहे.
एक दाबलं की कन्नड, दोन दाबलं की मराठी.
इथं पाट्यांना रात्रीतून काळं लागतं.
माझ्या कुठं लावणार?
तीन दाबलं तर हिंदी. ती दुसरीच कोण तरी,
तिचं नाव मला माहीत नाही,
दोन वर्षं शेजारी राहतोय आम्ही.

परवा मल्लव्वाक्का दारात येऊन उभी.
'काल तुझ्याशी अर्धा तास भांडलो बघ फोनवर.
पेन्शन कुठं अडकलीय म्हणून इचारतो,
तू आपली, कृपया प्रतीक्षा करा, कृपया प्रतीक्षा करा.
इतकी गोड कधी झालीस गं?'

अण्णांचं वेगळं.
बॅलन्स ऐकून झाला तरी फोन ठेवत नाहीत.
मुख्य मेनूसाठी नऊ. नऊ दाबतात.
पुन्हा सुरुवातीपासून.
माग बंद, ओट्यावर बसून, स्पीकर मोठ्ठा करून,
तोही नेमका चारनंतर.
आत मी हेडफोन लावून एका मसाल्याचं वाक्य
सातव्यांदा जमवत आणलेलं असतं,
आणि दाराच्या फटीतून, साड्या ओलांडून,
माझाच आवाज येतो, माझा टेक वाया घालवायला.

आज उठलो, दार उघडलं.
अण्णा, तेवढं बंद करा की.
त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बोट ओठावर ठेवलं.
'थांब. बाई बोलालीय.'

बॅटरी नऊ टक्के.